सक्तीची शाळा आणि गावची पेटी : श्रीमंत सयाजीराव महाराजांचे अक्षरकार्य

कवळाण्याहून बडोद्यास आणलेल्या मुलांना राजवाड्यात त्यांच्या येण्याचे प्रयोजन विचारण्यात आले. त्यांपैकी बारा वर्षांच्या गोपाळरावाने आपण राज्य करण्यासाठी आलो असल्याचे निःशंकपणे सांगितले. ही आख्यायिका सयाजीराव महाराजांच्या बहुतेक चरित्रांत येते, आणि व्याख्यानांतून ती इतकी घोळवली गेली आहे की महाराजांचे मोठेपण त्या एका उत्तरातच होते असे वाटू लागावे. त्या दिवसाची दुसरी एक हकीकत मात्र सहसा सांगितली जात नाही. राज्य करावयास आलेल्या त्या मुलास अक्षरओळख नव्हती. पुढे ज्या राजाने आपल्या राज्यातील प्रत्येक मुलास शाळेत जाणे कायद्याने भाग पाडले, तो स्वतः वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत शाळेच्या बाहेरच होता. महाराजांच्या शिक्षणकार्याचा विचार या बिंदूपासून करणेच योग्य ठरते.

नाशिक जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील कवळाणे हे लहानसे खेडे. पिलाजीराव गायकवाडांच्या वंशातील एक शाखा तेथे शेती करून राहत असे. त्या घराण्यातील काशीराव व उमाबाई यांच्या पोटी ११ मार्च १८६३ रोजी गोपाळरावांचा जन्म झाला. घराण्याचे नाव मोठे असले तरी राहणी कुणब्याची होती. शेत, गुरे आणि पावसाची वाट पाहणे हेच आयुष्य होते. बडोद्याचे वैभव त्या घराला ऐकून माहीत असेल तेवढेच. एप्रिल १८७५ मध्ये इंग्रज सरकारने मल्हारराव महाराजांना पदच्युत केले आणि खंडेराव महाराजांच्या पत्नी जमनाबाईसाहेब यांना दत्तक घेण्याची मुभा मिळाली. त्यांनी गोपाळरावांची निवड केली. २७ मे १८७५ रोजी दत्तविधान होऊन गोपाळरावांचे सयाजीराव झाले.

त्यानंतरची सहा वर्षे या मुलाने ज्या कष्टात काढली, त्यांचे वर्णन करताना चरित्रकार घाई करतात. ज्या वयात शहरातील मुले चौथे-पाचवे पुस्तक संपवून इंग्रजीकडे वळत, त्या वयात सयाजीरावांनी मुळाक्षरे गिरवावयास घेतली, आणि तीही एका भाषेची नव्हे. मराठी ही घरची भाषा, गुजराती ही प्रजेची, उर्दू ही दरबारी रिवाजाची आणि इंग्रजी ही सार्वभौम सत्तेची. अशा चारही भाषा जवळजवळ एकदमच त्यांच्यापुढे आल्या. १८७५ च्या अखेरीस एफ. ए. एच. इलियट या मुलकी सेवेतील अधिकाऱ्याची शिक्षक म्हणून नेमणूक झाली. त्यांच्या देखरेखीखाली राजपुत्रासाठी स्वतंत्र शाळा भरू लागली. सोबतीला काही मानकऱ्यांची मुले असत. तालीम व घोड्यावरील रपेट झाली की उरलेला दिवस धड्यांचा. प्रगती आरंभी मंदच होती. मुलगा तल्लख आहे असे प्रथमदर्शनी कोणासही वाटले नाही. चिकाटी मात्र विलक्षण होती, आणि एकदा कळलेली गोष्ट सुटत नसे. दिवाण राजा सर टी. माधवराव यांनी १८८१ मध्ये राज्यकारभाराविषयी दिलेली व्याख्याने समजून घेण्याइतकी इंग्रजी तोवर सयाजीरावांनी कमावली होती. सहा वर्षांत धुळाक्षरांपासून राज्यशास्त्रापर्यंतचा हा पल्ला होता.

अशा माणसाला अक्षराची किंमत पुस्तकातून शिकावी लागत नाही. जन्मापासून ज्याच्या घरात पोथ्या असतात, त्याला वाचता न येणे म्हणजे काय याची कल्पना करावी लागते. सयाजीरावांना ती करावी लागली नाही. कवळाण्यात त्यांच्या बरोबरीने गुरे राखणारी मुले निरक्षरच राहिली आणि आपण दैवयोगाने त्यातून सुटलो, हे भान त्यांनी पुढे कधी सोडले असावे असे वाटत नाही. २८ डिसेंबर १८८१ रोजी, वयाच्या अठराव्या वर्षी, राज्याची सूत्रे त्यांच्या हाती आली.

हाती आलेले राज्यही सोपे नव्हते. बडोदे, कडी, नवसारी आणि अमरेली हे चार प्रांत एकमेकांस लागून नव्हते. मधून मधून इंग्रजी मुलूख व इतर संस्थाने पसरलेली. प्रजा बहुसंख्य गुजराती, राजघराणे व जुना दरबारी वर्ग मराठी, नवसारीच्या पूर्वेकडील जंगलात आदिवासी, ओखामंडळात वाघेर. शहरांतील गामठी निशाळांत व्यापाऱ्यांची मुले आंक घोकत आणि हिशेबापुरते लिहिणे शिकत. मराठी वस्तीत पंतोजींच्या शाळा होत्या. शेतकऱ्याच्या, कारागिराच्या वा अस्पृश्याच्या मुलाने शिकावे असे कोणाच्या मनातही येत नसे, त्यांच्या आईबापांच्याही नाही.

याच सुमारास, १८८३ मध्ये, जोतीराव फुले यांनी बडोद्यास येऊन ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथाचे हस्तलिखित महाराजांना वाचून दाखविले. वीस वर्षांच्या तरुण राजाने कारभारातून वेळ काढून ते शेवटपर्यंत ऐकले, याची कृतज्ञ नोंद फुल्यांनी केली आहे. अविद्येने शेतकऱ्याचे काय केले याचे ते कठोर निरूपण ऐकणारा श्रोता स्वतः शेतकऱ्याच्या घरातून आलेला होता, हे लक्षात घेतले म्हणजे त्या भेटीचा अर्थ अधिक उलगडतो. महाराजांचे सर्व धोरण त्या एका वाचनातून निघाले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. त्यांच्यावर इलियट, माधवराव आणि पुढे युरोपचा प्रवास यांचेही ऋण होते. परंतु शिक्षण हे वरून झिरपत खाली जाईल ही त्या काळच्या सरकारी शिक्षणखात्याची समजूत महाराजांनी कधीच मानली नाही, आणि या बाबतीत ते फुल्यांच्या बाजूचे होते.

पहिली अडचण शिक्षकांची होती. शाळा काढण्याचा हुकूम एका दिवसात निघतो, शिक्षक तसा तयार होत नाही. राज्याची सूत्रे घेतल्यावर प्रारंभीच्या काही वर्षांत शिक्षक व शिक्षिका तयार करणारी अध्यापन विद्यालये बडोद्यात सुरू झाली. १८९१ मध्ये ग्रामशाळांची योजना आली. ज्या गावातून किमान सोळा मुले मिळू शकतील तेथे शाळा उघडावी आणि तिच्या मास्तराची गणना पटेल-तलाट्याप्रमाणे गावच्या सेवकवर्गात व्हावी, असे ठरले. या तरतुदीचे महत्त्व आज चटकन ध्यानात येत नाही. तोवरचा पंतोजी गावाच्या दयेवर जगणारा, आज आहे उद्या नाही असा माणूस होता. गावच्या व्यवस्थेत त्याला नेमकी जागा मिळाली म्हणजे शाळाही विहीर-चावडीप्रमाणे गावाची होते, अशी ती दृष्टी होती. ती सर्वत्र फलद्रूप झाली नाही. अल्प वेतनावर चार इयत्ता एकाच खोलीत सांभाळणाऱ्या एकट्या मास्तराकडून फार मोठी अपेक्षा करणेही न्याय्य नव्हते.

ऐच्छिक शाळांतून फारसे काही साधत नाही हे दहा वर्षांत दिसून आले. शाळा उघडली तरी येणारी मुले तीच, ज्यांच्या घरी विद्येची परंपरा होती. बाकीची शेतावर, गुरांमागे किंवा धाकट्या भावंडांना कडेवर घेऊन. तेव्हा महाराजांनी सक्तीचा विचार केला. विद्याधिकारी हरगोविंददास द्वारकादास कांटावाला हे स्वतः शिक्षक व गुजरातीतील नामांकित लेखक. त्यांनी योजना आखली. १८९३ मध्ये काठेवाडातील अमरेली तालुक्याच्या दहा गावांत तिचा प्रयोग सुरू झाला. मुलग्यांसाठी सात ते बारा आणि मुलींसाठी सात ते दहा ही वयोमर्यादा होती. शिक्षण मोफत होते. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकास दंड होता, आणि आजारपण, शाळेचे अंतर यांसारख्या कारणांसाठी सूटही होती.

संपूर्ण हिंदुस्थानात असा प्रयोग पूर्वी कोणी केलेला नव्हता. इंग्रजी मुलखात तर त्याचे नावही काढले जात नव्हते. खुद्द इंग्लंडात सक्तीचे शिक्षण रुळून जेमतेम एक तप उलटले होते. प्रयोगासाठी निवडलेली जागा राजधानीपासून दूर, चहूंकडून इतर संस्थानांनी वेढलेली होती. अपयश आले असते तर फारसा बोभाटा झाला नसता असाही विचार त्यामागे असू शकेल. परंतु त्याची दुसरी बाजू अशी, की अशा ठिकाणी यश आले तर ते शहराच्या सोयींमुळे आले असे कोणास म्हणता येणार नव्हते.

अमरेलीच्या खेड्यांत हा कायदा प्रथम कसा वाटला असेल? शेतकऱ्याच्या दृष्टीने सात वर्षांचे मूल म्हणजे अर्धे माणूस. कापूस वेचायला, ढोरे चारायला, पाखरे राखायला त्याचे हात लागत. ते हात दिवसभर पाटीवर गुंतविणे म्हणजे सरकारने बसविलेला एक नवा कर. तोही असा, की ज्याचा मोबदला काय मिळणार हे कोणी सांगू शकत नव्हते. दंड भरून मूल घरी ठेवणारे पालक होते. नाव हजेरीपटावर आणि मूल रानात, असेही घडत होते. मुलींच्या बाबतीत तर लिहायला शिकलेली मुलगी सासरी नांदेल काय, या प्रश्नाशी मास्तराला रोज सामना करावा लागे. हे सारे विरोध अज्ञानाचे म्हणून झटकून टाकण्यासारखे नव्हते. दारिद्र्याचा हिशेब त्यांत होता. महाराजांच्या कारभाराचा विशेष असा, की एवढ्याने त्यांनी प्रयोग सोडला नाही आणि घाईने राज्यभर लादलाही नाही. गावांची संख्या टप्प्याटप्प्याने वाढवीत तो तालुकाभर नेण्यात आला. अनुभव गोळा होत राहिला.

मध्येच छप्पन्नचा दुष्काळ आला. १८९९-१९०० च्या त्या भीषण वर्षात आणि त्यामागून आलेल्या रोगराईत गुजरातची अपरिमित हानी झाली. बडोदे राज्याची लोकसंख्या १८९१ मध्ये २४ लाखांवर होती, ती १९०१ च्या खानेसुमारीत साडेएकोणीस लाखांवर आली. खजिना ओढग्रस्त, गावे ओस. अशा वेळी कोणत्याही कारभाऱ्याने शिक्षणाचा खर्च सर्वांत आधी छाटला असता. महाराजांनी १९०६ मध्ये सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा साऱ्या राज्याला लागू केला.

या निर्णयाचे पडसाद बडोद्याबाहेर उमटले. नामदार गोखल्यांनी मार्च १९११ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, तेव्हा त्यांच्या हाती स्वदेशातील सर्वांत बळकट पुरावा होता तो बडोद्याचा. हिंदी रयत सक्तीला तयार नाही, पैसा नाही, शिक्षक नाहीत, या सरकारी आक्षेपांना एका देशी संस्थानाने कृतीने उत्तर दिलेले होते. मार्च १९१२ मध्ये ते विधेयक ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. ज्या साम्राज्याने मल्हाररावांना कुशासनासाठी पदच्युत केले, त्या साम्राज्याच्या राजधानीत बडोद्याचा धडा गिरवायला कोणी तयार नव्हते. इतिहासात असे उपरोध पुष्कळ असतात.

कायदा सर्वांना सारखा असला तरी समाज सारखा नव्हता. अस्पृश्यांच्या मुलांसाठी महाराजांनी कारकिर्दीच्या आरंभीच स्वतंत्र शाळा काढविल्या. तेथे शिकवावयास सवर्ण हिंदू शिक्षक मिळेनात. विटाळाच्या भयाने लोक नोकरी नाकारीत. अखेर मुसलमान शिक्षकांची नेमणूक करावी लागली. हिंदू राजाच्या राज्यात हिंदू मुलांना अक्षर शिकविण्यास हिंदू शिक्षक मिळू नये, ही गोष्ट त्या काळच्या समाजाविषयी पुष्कळ काही सांगून जाते. ज्या शिक्षकांनी ते काम केले त्यांची नावेही आज कोणाला ठाऊक नाहीत, ही खंतही नोंदविली पाहिजे. १९०८ मध्ये आर्यसमाजाचे पंडित आत्माराम अमृतसरी यांना महाराजांनी या शाळांसाठी बोलावून घेतले आणि मग या कामाला निष्ठावंत नेतृत्व लाभले. नवसारी प्रांतात सोनगडसारख्या ठिकाणी आदिवासी मुलांसाठी वसतिगृहासह शाळा झाल्या. रानातील विखुरलेल्या पाड्यांत शाळा नेणे अशक्य, म्हणून मुलांनाच शाळेजवळ आणले.

१९१३ मध्ये भीमराव आंबेडकर या तरुण पदवीधराला महाराजांच्या शिष्यवृत्तीने अमेरिकेस पाठविले. १९१७ मध्ये करारानुसार ते बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा त्यांना या शहरात राहावयास जागा मिळाली नाही, कचेरीत शिपाईही कागद दुरून टाकीत. राजाची आज्ञा कोठपर्यंत पोहोचते आणि कोठे थांबते, याचा याहून स्पष्ट पुरावा नाही. महाराजांच्या गौरवपर लेखांत शिष्यवृत्तीचा उल्लेख येतो आणि या प्रसंगाचा राहून जातो. दोन्ही गोष्टी याच नगरीत घडल्या आहेत.

मुलींच्या शिक्षणाबाबतही महाराजांना कायद्याची एकच कडी ओढून भागले नाही. दहाव्या वर्षानंतर मुलगी शाळेत राहत नव्हती, कारण तिचे लग्न होत असे. १९०४ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा आणि १९०६ चा शिक्षणाचा कायदा हे म्हणूनच एकमेकांशेजारी ठेवून वाचावयास हवेत. राजघराण्यातही प्रारंभ झाला होता. देवासच्या घाटगे घराण्यातील गजराबाई १८८५ मध्ये चिमणाबाई महाराणी होऊन आल्या, तेव्हा त्यांच्या शिक्षणाची व्यवस्था महाराजांनी जातीने लावली. त्याच महाराणींनी पुढे हिंदी स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत ग्रंथ सिद्ध केला आणि जानेवारी १९२७ मध्ये पुण्यास भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अधिवेशनाचे अध्यक्षपद भूषविले. त्या अधिवेशनाचा मुख्य विषय स्त्रीशिक्षणच होता.

एवढे झाल्यावर कोणीही राजा समाधान मानून थांबला असता. महाराजांच्या दृष्टीस मात्र एक चमत्कारिक गोष्ट पडली. सक्तीच्या शाळेतून चार इयत्ता शिकून बाहेर पडलेली मुले काही वर्षांत पुन्हा निरक्षर होत होती. कारण उघड होते. शाळा सुटली की खेड्यातील मुलाच्या हाती छापील कागद पडतच नव्हता. वाचायला काही नाही, लिहायचे प्रयोजन नाही; नांगर आणि मोट यांच्या संगतीत अक्षरे पुसट होत जात आणि अखेर अंगठा पुन्हा शाईत बुडे. राज्याने लाखो रुपये खर्चून दिलेली विद्या अशी मातीत जिरत होती. शिक्षणखात्याच्या अहवालात पटसंख्येचे आकडे वाढत होते, आणि राजाला प्रश्न पडला होता तो शाळा सोडल्यानंतरच्या दहाव्या वर्षी त्या मुलाला वाचता येते काय, हा. स्वतः बाराव्या वर्षी अक्षर शिकून ते आयुष्यभर जपलेल्या माणसालाच हा प्रश्न पडावा यात नवल नाही.

बडोद्याची सार्वजनिक ग्रंथालये या प्रश्नातून जन्मली. ग्रंथालयांच्या उत्सवप्रसंगी त्यांची थोरवी गाताना हे मूळ विसरले जाते. ती विद्वानांच्या सोयीसाठी किंवा संस्थानाच्या शोभेसाठी निघाली नाहीत. शाळेचे काम अपुरे पडते हे ओळखून, शाळेची पाठराखण करण्यासाठी ती निघाली.

या कामात महाराजांच्या हुकुमाआधीच एका शिक्षकाने पाऊल टाकलेले होते. चरोतरातील वसो गावचे मोतीभाई अमीन यांनी १९०६ पासून मित्रमंडळांच्या द्वारे खेड्यापाड्यांत वाचनालये उघडण्यास प्रारंभ केला होता. महाराजांचा मोठा गुण हा, की आपल्या राज्यात एखादा साधा माणूस योग्य काम करीत आहे असे दिसताच ते काम मोडून सरकारी न करता त्या माणसालाच ते पुढे त्याच्या हाताने करावयास लावीत. मोतीभाई ग्रंथालय खात्यात आले आणि ग्रामीण ग्रंथालयांचा भार त्यांनी वर्षानुवर्षे वाहिला.

१९०६ व १९१० च्या अमेरिकेच्या प्रवासात महाराजांनी तेथील सार्वजनिक ग्रंथालये बारकाईने पाहिली. कनेक्टिकट राज्यातील न्यू हेवन येथील ग्रंथपाल विल्यम अ‍ॅलन्सन बॉर्डन यांना त्यांनी १९१० मध्ये बडोद्यास आणले. बॉर्डन येथे तीन वर्षे होते. तेवढ्या अवधीत त्यांनी मध्यवर्ती ग्रंथालयाची उभारणी केली, वर्गीकरणाची पद्धत बसवून दिली आणि ग्रंथपालांसाठी प्रशिक्षणवर्ग सुरू केला. मध्यवर्ती ग्रंथालयास महाराजांनी आपल्या खासगी संग्रहातील सुमारे वीस हजार ग्रंथ दिले. बंधू संपतराव गायकवाड यांचा श्री सयाजी ग्रंथालय हा संग्रहही त्यात आला. राजवाड्यातील कपाटे रिकामी करून रयतेची कपाटे भरण्याचे हे उदाहरण त्या काळात दुर्मीळच म्हणावे लागेल. स्त्रियांसाठी व मुलांसाठी वेगळे विभाग होते. बॉर्डन परतल्यावर जनार्दन सखाराम कुडाळकर यांनी आणि त्यांच्यानंतर न्यूटन मोहन दत्त यांनी ही धुरा सांभाळली. दत्त हे महाराजांना ग्रंथ वाचून दाखविण्याच्या कामावर होते.

गावच्या ग्रंथालयासाठी जो नियम केला तो साधा होता. गावकऱ्यांनी जेवढी रक्कम जमवावी तेवढीच प्रांत पंचायतीने द्यावी आणि तेवढीच सरकारने. खर्चाचा तिसरा हिस्सा स्वतःच्या खिशातून दिलेला असल्यामुळे गावाला ग्रंथालय आपले वाटे. शाळा सक्तीची होती, ग्रंथालय मात्र मागणाऱ्यासच मिळे. एकाच राजाने या दोन गोष्टींसाठी दोन वेगळी तत्त्वे योजिली, यात त्याची राजनीती दिसते. मुलाला पालकाच्या इच्छेवर सोडता येत नाही, आणि प्रौढावर वाचन लादता येत नाही.

जेथे ग्रंथालयाएवढीही ऐपत नव्हती तेथे पेटी जाई. लाकडी, कुलूपबंद, आत दीड-दोन डझन निवडक पुस्तके. रेल्वेने किंवा गाडीने ती गावी पोहोचे, मास्तर वा एखादा जबाबदार गृहस्थ तिची किल्ली सांभाळी, आणि ठरावीक मुदतीनंतर पेटी परत येऊन दुसरी जाई. वाहतुकीचा भार सरकारवर असे. ज्यांना वाचताच येत नाही अशा प्रौढांसाठी जादूच्या कंदिलाची चित्रे आणि पुढे चलत्चित्रपट दाखविणारी शाखाही जोडण्यात आली. १९१२ पासून काही वर्षे ग्रंथालयविषयक एक त्रैमासिक इंग्रजी, गुजराती व मराठी या तीन भाषांत निघत होते. हिंदुस्थानात असे नियतकालिक तोवर नव्हते.

पेटीत घालावयाची पुस्तके कोठून आणावयाची हा पुढचा प्रश्न होता. चार इयत्ता शिकलेल्या शेतकऱ्याला समजेल आणि रुचेल असे गुजरातीत व मराठीत फारच थोडे छापलेले होते. त्यासाठी महाराजांनी दोन लाख रुपयांचा निधी वेगळा काढला आणि त्याच्या व्याजातून श्री सयाजी साहित्यमाला व मुलांसाठी बालज्ञानमाला निघू लागली. इतिहास, चरित्र, आरोग्य, विज्ञान, नीती असे विषय त्यांत आले. या मालांतील सर्वच पुस्तके सरस होती असे म्हणता येणार नाही. काही भाषांतरे बोजड आहेत, आणि ज्या वाचकासाठी ती लिहविली त्याच्या तोंडची भाषा काही विद्वान भाषांतरकारांना कधीच सापडली नाही. तरी त्या मालांतून निघालेल्या पुस्तकांची संख्या व विषयांची व्याप्ती पाहिली की छाती दडपते. १९३१ मध्ये सिद्ध झालेला ‘श्री सयाजी शासन शब्दकल्पतरु’ हा आठ भाषांतील राज्यव्यवहाराचा कोश याच दृष्टीचे फळ होय. कचेरीतील कागद प्रजेला तिच्या भाषेत वाचता यावा, हा त्यामागील हेतू होता.

महाराजांच्या कारकिर्दीतील उणिवा झाकण्याचे कारण नाही. प्रकृतीच्या कारणाने आणि आवडीनेही ते वर्षातील पुष्कळ काळ युरोपात घालवीत, आणि त्यांच्या पश्चात कारभारी मंडळींच्या हातात योजना थंडावत. कायदा राज्यभर लागू झाला तरी सारी प्रजा साक्षर झाली नाही. त्यांच्या निधनापर्यंत बहुसंख्य प्रौढ, विशेषतः स्त्रिया, निरक्षरच होत्या. दंडाची वसुली पुष्कळदा हजेरीपेक्षा नियमित होती. राजाच्या इच्छेने उभे राहिलेले काम लोकांच्या इच्छेने चालावे यासाठी दोन-तीन पिढ्या जाव्या लागतात, आणि तेवढा अवधी कोणत्याही एका राजाला मिळत नाही.

१९३२ मध्ये कोल्हापूर येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद सयाजीराव महाराजांना देण्यात आले. त्या व्यासपीठावरून बोलणारे एकोणसत्तर वर्षांचे वृद्ध राजे मराठी मुळाक्षरे बाराव्या वर्षी शिकले होते, हे सभागृहातील किती जणांच्या मनात त्या क्षणी आले असेल, कोण जाणे. १९३६ मध्ये राज्यारोहणाचा हीरकमहोत्सव झाला, तेव्हा खेड्यांच्या उन्नतीसाठी त्यांनी एक कोटी रुपयांचा निधी जाहीर केला. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले. मोतीभाई अमीनही त्याच वर्षी गेले.

१९४९ मध्ये बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. भारतीय संसदेने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ मध्ये संमत केला, तेव्हा अमरेलीच्या दहा गावांतील प्रयोगाला ११६ वर्षे झाली होती. मध्यवर्ती ग्रंथालयाची इमारत अद्याप बडोद्यात उभी आहे आणि महाराजांनी राजवाड्यातून आणून दिलेले ग्रंथ तिच्यातील मांडण्यांवर आहेत.